प्रस्तावना : बांधणीचा क्रम आणि बिघाडाचा माग

बहुतेकांच्या हाती संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम तयार स्वरूपात पडते आणि तिच्यातील पुढचे बदलही तयार स्वरूपातच येत राहतात, त्यामुळे ही प्रणाली कोणत्या क्रमाने घडवली गेली आणि त्या क्रमामागे कोणती कारणे होती, हा प्रश्न वापरणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. मुक्त स्रोत प्रणालींनी हा प्रश्न विचारण्याची सोय केली, कारण त्यांचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि त्यापासून स्वतःच्या यंत्रावर अख्खी प्रणाली बांधता येते. प्रस्तुत पुस्तकाचा विषय अशाच एका प्रणालीची, फ्रीबीएसडीची, विकासाधीन आवृत्ती हा आहे : ती सोर्स कोडपासून कशी बांधावी, आणि बांधताना किंवा बांधून झाल्यावर काही बिघडले तर त्याचा माग कसा काढावा. पुस्तकातील सगळी मांडणी एका धारणेवर उभी आहे. बांधणी आणि बिघाडाचा शोध ही दोन वेगळी कौशल्ये नाहीत. बांधणीतील बहुतेक पायऱ्या पूर्वी कधीतरी आलेल्या अडचणींवर शोधलेले उपाय आहेत, आणि एखादी पायरी तिथेच का आहे हे ज्याला उमगले, त्याला नवा बिघाड कोठे शोधायचा हेही बरेचसे उमगलेले असते.

फ्रीबीएसडीचा वंश बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठापर्यंत जातो. युनिक्स या एटी अँड टी कंपनीच्या प्रणालीवर तेथील विद्यार्थी व संशोधक जी भर घालत होते, ती बिल जॉय यांनी १९७८ मध्ये 'बर्कली सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन' या नावाने वाटायला सुरुवात केली आणि त्या नावाच्या आद्याक्षरांतून 'बीएसडी' हे नाव रूढ झाले. १९८३ च्या ४.२बीएसडी आवृत्तीत नेटवर्कवरून दोन प्रोग्रॅममध्ये संवाद घडवणारी 'सॉकेट' ही यंत्रणा आली आणि आज इंटरनेटवर चालणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरच्या तळाशी तीच कल्पना आहे. १९९२ मध्ये विल्यम आणि लिन जोलिट्झ या दांपत्याने हा वारसा सामान्य पीसीवर आणणारी ३८६बीएसडी प्रसिद्ध केली. तिच्यावर जमा होत गेलेल्या दुरुस्त्यांना एकत्र घर मिळावे या गरजेतून १९९३ मध्ये फ्रीबीएसडी प्रकल्प सुरू झाला. त्याच सुमारास युनिक्सच्या मालकीवरून चाललेला दावा १९९४ च्या प्रारंभी तडजोडीने मिटला, आणि त्या तडजोडीनुसार वादग्रस्त भाग वगळलेल्या ४.४बीएसडी-लाइट या पायावर प्रकल्पाला आपली प्रणाली पुन्हा उभी करावी लागली; २.० ही आवृत्ती त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये आली. प्रकल्पाला चालती प्रणाली पायापासून बदलण्याचा अनुभव इतक्या लवकर आला ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

लिनक्स या अधिक परिचित नावाशी तुलना करताना एक भेद आधीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. लिनक्स हे नेमकेपणाने बोलायचे तर केवळ कर्नेलचे नाव आहे, म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि इतर उपकरणे यांच्यावर थेट ताबा असणाऱ्या गाभ्याचे. त्याभोवतीची साधने वेगवेगळ्या ठिकाणी लिहिली जातात आणि वितरण करणाऱ्या संस्था ती एकत्र आणतात. फ्रीबीएसडीमध्ये कर्नेल आणि त्याच्याबरोबरची मूळ साधने, ज्यांना एकत्रितपणे 'यूजरलँड' किंवा 'वर्ल्ड' म्हटले जाते, एकाच सोर्स वृक्षात राहतात, एकाच इतिहासात बदलतात आणि एकाच वेळी बांधली जातात. कमांड स्वीकारणारा शेल, फायलींची यादी दाखवणारा 'एलएस', सर्व प्रोग्रॅमना लागणारी सी लायब्ररी, इतकेच नव्हे तर हे सगळे भाषांतरित करून यंत्राच्या भाषेत आणणारा कंपायलरही या वृक्षातच असतो. संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम बांधणे म्हणजे काय, हे शिकण्यासाठी ही प्रणाली निवडण्याचे मुख्य कारण हेच आहे.

या वृक्षाला तीन प्रकारच्या शाखा आहेत. २०२० च्या डिसेंबरमध्ये सोर्स कोड सबव्हर्जन या जुन्या नोंदप्रणालीतून गिटमध्ये हलवला गेला, तेव्हापासून मुख्य शाखेचे नाव 'मेन' आहे, आणि तिच्यापासून बांधलेल्या प्रणालीला 'करंट' म्हणतात. नवा बदल प्रथम येथे दाखल होतो. काही काळ तो येथे टिकला, त्याचे दोष निस्तरले गेले, की योग्य वाटल्यास तो 'स्टेबल' शाखेत नेला जातो, आणि स्टेबल शाखेतून ठरावीक टप्प्यावर प्रकाशनाची शाखा फुटते, जिच्यात पुढे मुख्यतः सुरक्षेच्या व गंभीर दोषांच्या दुरुस्त्याच येतात. अशा रीतीने करंट वापरणारा मनुष्य प्रकल्पाच्या अगदी अलीकडच्या विचारांबरोबर राहतो, आणि त्या विचारांतील चुकाही सर्वांत आधी त्याच्याच यंत्रावर उघड होतात.

विकासाधीन आवृत्ती ही केवळ विकासकांनी वापरायची गोष्ट आहे, असा सल्ला सरसकट दिला जातो. पहिल्यांदाच फ्रीबीएसडी पाहणाऱ्यासाठी तो योग्य आहे; परंतु सर्वांसाठी तो योग्य नाही, असे या पुस्तकाचे स्पष्ट मत आहे. नेटफ्लिक्स कंपनी आपल्या चित्रपटांचा साठा प्रेक्षकांच्या जवळ ठेवण्यासाठी इंटरनेट पुरवठादारांच्या जागेत, भारतातही, जे सर्व्हर बसवते ते फ्रीबीएसडीवर चालतात, आणि तिच्या अभियंत्यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे की ते मुख्य शाखेच्या मागोमाग चालणेच पसंत करतात. त्यांचा युक्तिवाद व्यवहारी आहे : दोन वर्षांचे बदल एकदम स्वीकारले तर बिघाड झाल्यावर तो हजारो बदलांपैकी कोणत्या बदलामुळे झाला हे शोधावे लागते, उलट काही आठवड्यांचेच बदल दर वेळी घेतले तर संशयितांची संख्या आटोक्यात राहते. बिघाडाचा शोध सोपा व्हावा म्हणून विकासाधीन आवृत्ती वापरायची, हे ऐकायला विसंगत वाटले तरी अनुभवाला धरून आहे.

बांधणीचा पहिला टप्पा 'बिल्डवर्ल्ड' या नावाने ओळखला जातो आणि तो वरवर दिसतो त्यापेक्षा बराच खोल आहे. यंत्रावर आज जी प्रणाली चालू आहे तिचा कंपायलर जुना असू शकतो, तिच्यातील बांधणीची साधनेही जुनी असू शकतात, आणि नव्या सोर्स कोडला या जुन्या साधनांत नसलेली एखादी सोय हवी असू शकते. म्हणून आधी चालू प्रणालीच्या साधनांनी थोडी मदतनीस साधने बांधली जातात, त्यांच्या आधारे नव्या वृक्षातील कंपायलर आणि लिंकर, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी भाषांतरित झालेला कोड एकत्र जोडणारे साधन, तयार होतात, आणि मग या नव्या साधनांनी खरी प्रणाली बांधायला घेतली जाते : प्रथम हेडर फायली, ज्यांत एका भागाने दुसऱ्या भागाशी कसे बोलायचे याचे करार लिहिलेले असतात, नंतर लायब्ररी, आणि शेवटी बाकीचे सर्व प्रोग्रॅम. इमारतीसाठी उभारलेले पायाड काम संपल्यावर उतरवले जाते, तशी ही मधली साधने प्रणालीत कोठेही बसवली जात नाहीत. तरी नवा कंपायलर बांधावा लागला, तर बांधणीतील वेळेचा मोठा वाटा त्यांच्यावरच खर्च होतो, कारण २०१४ च्या १०.० आवृत्तीपासून मुख्य प्रकारच्या यंत्रांवर जीसीसी या आधीच्या कंपायलरची जागा घेतलेला क्लँग कंपायलर आणि त्यामागची एलएलव्हीएम ही रचना हा या वृक्षातील सर्वांत अवजड भाग आहे.

बांधणी मध्येच थांबली तर नवखा मनुष्य पडद्यावरची शेवटची ओळ वाचतो आणि तिथेच फसतो. वेळ वाचवण्यासाठी बांधणी एकाच वेळी अनेक समांतर कामांत वाटलेली असते. त्यांपैकी एक काम अयशस्वी झाले तरी बाकीची कामे हाती घेतलेला तुकडा संपवूनच थांबतात आणि त्यांचा मजकूर चूक सांगणाऱ्या मूळ ओळीवर येऊन साचतो. पडद्याच्या तळाशी दिसते ते फक्त इतकेच, की अमुक डिरेक्टरीत काम थांबले, तिच्या वरच्या डिरेक्टरीत थांबले, आणि म्हणून तिच्याही वर थांबले. खरी चूक कित्येकदा शेकडो ओळी मागे असते. म्हणून बांधणीचा सगळा मजकूर आरंभापासून फायलीत साठवावा, त्यात 'एरर' हा शब्द पहिल्यांदा कोठे आला ते पाहावे, आणि तरीही उलगडा होत नसेल तर तीच बांधणी समांतर कामांशिवाय पुढे चालवावी, म्हणजे चूक जिथे घडली तिथेच मजकूर थांबतो.

चूक सापडल्यावर ती कोणत्या जातीची आहे हे ठरवावे लागते. कंपायलर एखाद्या फायलीतील ओळीवर बोट ठेवत असेल आणि तीच चूक प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी येत असेल, तर एकतर मुख्य शाखाच त्या क्षणी मोडलेली आहे, जे क्वचित पण घडते आणि सहसा काही तासांत दुरुस्त होते, किंवा बांधणाऱ्याने स्वतःच्या सेटिंगच्या फायलींत कधीकाळी लिहून ठेवलेला आणि विसरलेला एखादा पर्याय आड येत आहे. कंपायलर काहीच न सांगता केवळ 'किल्ड' असा शब्द उमटवून थांबला असेल, तर बहुधा मेमरी संपल्यामुळे कर्नेलने त्याला बंद केले आहे. एलएलव्हीएमचे मोठे तुकडे जोडताना कमी मेमरीच्या यंत्रावर हे सहज होते आणि समांतर कामांची संख्या घटवणे हाच त्यावर साधा उपाय आहे. आणि कंपायलर दर वेळी वेगळ्याच फायलीवर कोसळत असेल, तर सोर्स कोडवर संशय घेण्यात वेळ घालवू नये. मेमरीची पट्टी सदोष असण्याची किंवा यंत्र प्रमाणाबाहेर तापत असण्याची शक्यता आधी तपासावी, कारण सोर्स कोडमधील चूक अशी जागा बदलत नाही.

येथे एका सवयीविषयी इशारा देणे आवश्यक वाटते. पूर्वी बांधलेले तुकडे ज्या डिरेक्टरीत साठतात ती पूर्ण पुसून टाकायची आणि सगळे नव्याने बांधायचे, हा उपाय जवळजवळ प्रत्येक अडचणीवर सुचवला जातो आणि पुष्कळदा तो लागूही पडतो, कारण एखाद्या हेडर फायलीत बदल होऊनही तिच्यावर अवलंबून असलेला जुना तुकडा तसाच राहिल्याने घोटाळा झालेला असतो. परंतु सगळे पुसल्यावर पुरावाही पुसला जातो. कोणता तुकडा शिळा राहिला आणि का, हे आधी पाहिले तर बांधणीच्या नियमांतील खरा दोष हाती लागू शकतो, जो उद्या दुसऱ्या कोणाला छळणार असतो. आधी मजकूर जपावा, मग पुसावे.

दुसरा मोठा टप्पा बसवण्याचा, आणि बांधणीच्या क्रमात दडलेले शहाणपण इथे सर्वांत स्पष्ट दिसते. नियम असा आहे की प्रथम नवे कर्नेल बसवायचे, मग यंत्र त्या कर्नेलवर पुन्हा सुरू करायचे, आणि त्यानंतरच नवे यूजरलँड बसवायचे. कारण प्रोग्रॅम कर्नेलकडे जे काम मागतात, ज्याला 'सिस्टीम कॉल' म्हणतात, त्याबाबत कर्नेल जुन्या पद्धतीच्या मागण्या ओळखण्याची जबाबदारी घेते. नवे प्रोग्रॅम मात्र जुन्या कर्नेलला माहीतच नसलेली मागणी करू शकतात, आणि अशा वेळी ते 'बॅड सिस्टीम कॉल' एवढे सांगून बंद पडतात. मे २०१७ मध्ये मुख्य शाखेत आलेला बदल याचे उत्तम उदाहरण आहे. फाइल सिस्टीममधील प्रत्येक फाइलला जो क्रमांक असतो, 'आयनोड' क्रमांक, तो तोवर ३२ बिटांचा होता, म्हणजे असे क्रमांक सुमारे ४२९ कोटींपुरतेच शक्य होते. तो ६४ बिटांचा करण्यात आला. बदल सांगायला एका ओळीचा असला तरी फाइलविषयीची माहिती देणाऱ्या आणि डिरेक्टरी वाचणाऱ्या मूलभूत रचनाच त्यामुळे बदलल्या, नवे सिस्टीम कॉल आले, आणि जुने प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून ११ व्या आवृत्तीशी सुसंगती राखणारा पर्याय कर्नेलच्या सेटिंगमध्ये असणे अनिवार्य ठरले. ज्यांनी स्वतःचे कर्नेल बेतून त्यातील 'अनावश्यक' पर्याय काढून टाकले होते, त्यांना हा पर्याय परत घालावा लागणार होता, आणि मध्ये यंत्र पुन्हा सुरू करण्याची जी पायरी एरवी अनेक जण घाईत वगळत, ती वगळू नये असे बजावून सांगण्यात आले.

असे इशारे सोर्स वृक्षाच्या मुळाशी असलेल्या 'अपडेटिंग' नावाच्या फायलीत तारखेनुसार, सर्वांत ताजा इशारा वर, अशा क्रमाने लिहिले जातात. मागच्या बांधणीच्या तारखेपासून आजपर्यंतच्या नोंदी वाचणे हे पाच मिनिटांचे काम आहे. या पुस्तकात वर्णन केलेल्या बिघाडांपैकी लक्षणीय भाग त्या पाच मिनिटांत टळला असता.

यूजरलँड बसवण्याच्या प्रक्रियेत आणखी एक बारकावा आहे, जो जवळून पाहण्यासारखा आहे. ही प्रक्रिया ज्या शेलवर आणि ज्या साधनांवर चालते, तीच साधने ती चालू असतानाच बदलली जाणार असतात. नवा शेल जागेवर आला आणि त्याला लागणारी नवी लायब्ररी अजून आलेली नसली, तर पुढची कमांड चालवायला शेलच उरत नाही आणि प्रणाली अर्धवट अवस्थेत अडकते. म्हणून बसवण्याआधी आवश्यक साधनांच्या आणि त्यांना लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या प्रती एका तात्पुरत्या डिरेक्टरीत काढल्या जातात आणि पुढचे काम त्या प्रतींच्या बळावर होते. शिवाय लायब्रऱ्यांच्या डिरेक्टऱ्या प्रोग्रॅमच्या डिरेक्टरीआधी बसवल्या जातात, आणि हा क्रम का बदलू नये याचे कारण मुख्य मेकफाइलमध्ये, म्हणजे बांधणीचे नियम लिहिलेल्या फायलीत, टिपणी म्हणून नोंदवलेले आहे. एवढे करूनही लायब्रऱ्या मोडल्याच, तर कोणत्याही लायब्ररीवर अवलंबून नसलेल्या साधनांचा एक संच 'रेस्क्यू' या डिरेक्टरीत राखून ठेवलेला असतो. ज्याने ही रचना एकदा समजून घेतली, तो बसवणे मध्येच तुटल्यावर घाबरून डिस्क पुसायला निघत नाही.

करंट आवृत्ती संथ वाटते अशी तक्रार नेहमी ऐकू येते आणि ती खरीही आहे. 'अपडेटिंग' फायलीच्या आरंभीच तिचे कारण दिलेले असते. या शाखेच्या नेहमीच्या कर्नेलमध्ये तपासणीच्या यंत्रणा मुद्दाम चालू ठेवलेल्या असतात. त्यांपैकी 'इन्व्हेरियंट्स' ही यंत्रणा कोड लिहिणाऱ्याने जागोजागी नोंदवलेली गृहीतके प्रत्यक्ष तपासते आणि एखादे खोटे ठरताच प्रणाली जागीच थांबवते, म्हणजे बिघडलेली माहिती डिस्कपर्यंत पोहोचण्याआधीच चूक उघडी पडते. दुसरी यंत्रणा 'विटनेस'. अनेक प्रोसेसर एकाच माहितीला एकाच वेळी हात लावू नयेत म्हणून कर्नेलमध्ये कुलुपांसारखी साधने, 'लॉक', वापरली जातात. एका कामाने आधी पहिले आणि मग दुसरे लॉक घेतले, आणि दुसऱ्या कामाने नेमका उलटा क्रम धरला, तर दोन्ही कामे एकमेकांची वाट पाहत कायमची थांबू शकतात. अशी कोंडी होण्यासाठी दोघांची वेळ अचूक जुळावी लागते, त्यामुळे ती वर्षातून एखाददा, तीही भलत्याच वेळी उद्भवते. विटनेस प्रत्यक्ष कोंडीची वाट पाहत नाही. कोणते लॉक कोणानंतर घेतले गेले याची नोंद ठेवून उलटा क्रम दिसताच ती इशारा छापते.

या यंत्रणांचे मोल फ्रीबीएसडीच्या इतिहासातील एका कठीण पर्वात पटले. २००० पासून प्रकल्पाने कर्नेलभोवतीचे 'जायंट' हे एकमेव मोठे लॉक फोडून त्याजागी शेकडो लहान लॉक आणण्याचे काम हाती घेतले, जेणेकरून अनेक प्रोसेसर एकाच वेळी कर्नेलमध्ये काम करू शकतील. जानेवारी २००३ मध्ये ५.० आवृत्ती आली, तरी स्टेबल म्हणवण्याजोगी अवस्था नोव्हेंबर २००४ च्या ५.३ पर्यंत आली नाही. अनेक निष्ठावंत वापरकर्ते त्या काळात ४ क्रमांकाच्या आवृत्त्यांना चिकटून राहिले. परंतु आज कित्येक गाभ्यांच्या प्रोसेसरवर ही प्रणाली जे काम करते, त्याचा पाया त्या अडचणीच्या वर्षांत करंट वापरणाऱ्यांनी सोसलेल्या बिघाडांवर उभा आहे, आणि या ऋणाचा उल्लेख अशा पुस्तकात व्हायलाच हवा.

कर्नेल स्वतःहून पुढे जाण्याचे नाकारते त्या अवस्थेला 'पॅनिक' म्हणतात. त्या वेळी पडद्यावर उमटणारा मजकूर भयावह दिसला तरी वाचण्याजोगा असतो, आणि तो वाचण्यावर पुस्तकातील सर्वांत मोठे प्रकरण खर्च झाले आहे. समजा, कर्नेल मेमरीतील भलत्याच पत्त्याकडे गेल्याचे कळवते आणि तो पत्ता २४ इतका लहान आहे. २४ हा कोणत्याही खऱ्या माहितीचा पत्ता असू शकत नाही. तेव्हा अर्थ असा निघतो की एखाद्या रचनेकडे बोट दाखवणारा पॉइंटर रिकामा, म्हणजे शून्य होता, आणि कोड त्या रचनेच्या आरंभापासून २४ बाइट अंतरावरचा घटक वाचायला गेला. कोणत्या रचनेत त्या अंतरावर कोणता घटक आहे हे पाहिले की संशय एकदोन ओळींपर्यंत आवळता येतो. उलट पत्त्यात इंग्रजीत 'डेड कोड' असे वाचता येणारी षोडशमान अक्षरे पुन्हापुन्हा दिसत असतील, तर कारण वेगळे आहे : तपासणी चालू असलेले कर्नेल मोकळी केलेली मेमरी याच ठरावीक खुणेने भरून ठेवते, त्यामुळे ती खूण पत्ता म्हणून वापरली गेली याचा अर्थ कोणीतरी परत केलेली मेमरी नंतर पुन्हा वापरली. त्यासोबत येणारा बॅकट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची उतरंड, अपराध्याचे नाव सांगेलच असे नाही. मेमरी ज्याने चुकून मोकळी केली तो बहुधा केव्हाच निघून गेलेला असतो आणि उतरंडीत दिसतो तो त्याचा बळी. हा भेद न कळल्यामुळे निर्दोष ड्रायव्हरवर आळ आल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

पॅनिकच्या क्षणी कर्नेलच्या मेमरीचे चित्र स्वॅपसाठी राखलेल्या जागेत लिहिले जाते आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना ते तिथून फायलीत हलवले जाते. या 'क्रॅश डम्प'ची व्यवस्था बिघाडाआधीच केलेली असावी लागते, नंतर तिचा उपयोग नाही.

बिघाड नेमका कोणत्या बदलाने आला हे कळत नसेल तेव्हा गिटमधील 'बायसेक्ट' हे साधन कामाला येते. शेवटची निरोगी आणि पहिली बिघडलेली अवस्था माहीत असली, की त्यांच्या मधोमधची अवस्था बांधून तपासायची, आणि निकालानुसार उरलेल्यातील अर्धा भाग सोडून द्यायचा. हजार बदलांतून एक शोधण्यासाठी सुमारे दहा बांधण्या पुरतात. या पद्धतीची एकच अट आहे, पण ती कठोर आहे : 'बिघाड आहे' आणि 'बिघाड नाही' हे प्रत्येक वेळी खात्रीने सांगता आले पाहिजे. चारपैकी एकदाच दिसणाऱ्या बिघाडाबाबत एका शांत फेरीवर विसंबून 'नाही' म्हटले, तर शोध चुकीच्या अर्ध्या भागात शिरतो आणि शेवटी मोठ्या आत्मविश्वासाने भलत्याच बदलाकडे बोट दाखवतो.

सगळे बिघाड मात्र असे आवाज करत येत नाहीत. २०१४ च्या ऑक्टोबरअखेर मुख्य शाखेत आलेल्या एका बदलामुळे कर्नेलचा यादृच्छिक आकडे देणारा भाग नीट जोडला गेला नाही. यंत्रे उत्तम चालत राहिली, बांधण्या होत राहिल्या, काहीही कोसळले नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये दोष उघड झाला तेव्हा त्या काळातील करंट वापरणाऱ्या सर्वांना नुसते कर्नेल बदलून भागणार नव्हते. दरम्यानच्या काळात तयार केलेल्या सुरक्षित लॉगिनच्या व इतर गुप्त किल्ल्यांचा अंदाज बांधता येण्याजोगा असू शकतो, म्हणून त्या सगळ्या नव्याने तयार करण्याची सूचना देण्यात आली. प्रकाशित आवृत्त्यांपर्यंत हा दोष पोहोचला नव्हता. विकासाधीन आवृत्ती वापरणाऱ्याने प्रकल्पात काय चालले आहे याची खबर ठेवली पाहिजे, असे सांगितले जाते तेव्हा ते केवळ बांधणी मोडू नये म्हणून नसते. चालू दिसणाऱ्या प्रणालीतील न दिसणाऱ्या दोषाचा एकमेव सुगावा कधीकधी तेवढाच असतो.

परतीची वाट या विषयावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते वाचकाने शक्यतो इतरांच्या आधी वाचावे. नवे कर्नेल बसवताना आधीचे कर्नेल वेगळ्या नावाने जपले जाते आणि यंत्र सुरू होताना बूटलोडरमधून, म्हणजे कर्नेल मेमरीत आणणाऱ्या लहान प्रोग्रॅममधून, ते निवडता येते. कर्नेल ठीक पण ग्राफिक्सचा ड्रायव्हर मोडलेला, ही करंटमधील अत्यंत सामान्य अवस्था असते, कारण तो ड्रायव्हर मूळ वृक्षाबाहेर पॅकेज म्हणून मिळतो आणि कर्नेलच्या अंतर्गत रचना बदलल्या की तो पुन्हा बांधावा लागतो. अशा वेळी सिंगल-यूजर मोडमध्ये, जिथे किमान साधनांपलीकडे काहीच सुरू केलेले नसते, शिरून तो ड्रायव्हर तात्पुरता बंद करता येतो. झेडएफएस या फाइल सिस्टीमवर तर संपूर्ण प्रणालीची त्या क्षणीची प्रत, 'बूट एन्व्हायर्न्मेंट', काही सेकंदांत काढून ठेवता येते आणि नवी प्रणाली बिघडल्यास जुनीत परतता येते. मात्र नव्या प्रणालीत शिरताच झेडएफएसच्या साठ्याची वैशिष्ट्ये अद्ययावत करण्याचा मोह आवरावा. तसे केल्यास जुने कर्नेल किंवा जुना बूटलोडर तो साठा ओळखेनासा होऊ शकतो, आणि परतीची वाट बांधणाऱ्याच्या हातूनच बंद होते.

मराठीतून हा विषय मांडताना अभियांत्रिकीचा असा विद्यार्थी डोळ्यांपुढे आहे, ज्याने लॉक, कोंडी, पानांची मेमरी या कल्पना परीक्षेपुरत्या वाचल्या आहेत, पण त्या चालत्या प्रणालीत कधी पाहिलेल्या नाहीत. त्याच्याइतकाच तो व्यवस्थापकही, जो वर्षानुवर्षे सर्व्हर सांभाळतो पण कर्नेलच्या सोर्स कोडला हात लावायला कचरतो. सी भाषा वाचता येण्याइतकी तयारी गृहीत धरली आहे. तीत लिहिण्याचे प्रावीण्य लागत नाही. ज्यावर स्वतःची एकमेव माहिती साठवलेली आहे असे यंत्र या कामाला लावू नये. आभासी यंत्र, म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, पहिल्या सहा प्रकरणांना पुरेसे आहे, फक्त त्याला मेमरी आणि डिस्क सढळ द्यावी. सातव्या प्रकरणापासून खरे यंत्र घेतलेले बरे, कारण ड्रायव्हर आणि वीजव्यवस्थापन यांचे बिघाड आभासी यंत्रात दिसतच नाहीत. पहिली बांधणी सुरू करण्यापूर्वी क्रॅश डम्पची जागा ठरवून एकदा मुद्दाम पॅनिक घडवून पाहावा, त्यासाठीची कमांड दुसऱ्या प्रकरणाच्या आरंभी दिली आहे, आणि डम्प खरोखर फायलीत आल्याची खात्री झाल्यावरच पुढे जावे.